झोपेत लावलेलं कार्ड

घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला होता, आणि हे रत्नाला लॅपटॉपकडून कळलं. घरातल्या माणसांनी सांगितलं नव्हतं. पुण्यात नऱ्ह्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर तिघंच राहत होती, ती, तिचा नवरा कुमार आणि सासू, आणि तिघांनी सकाळी एकाच पातेल्यातला चहा घेतला होता. सासू दुधाबद्दल बोलली, कुमार गाडीच्या टायरबद्दल बोलला, बिस्किटांचा पुडा इकडून तिकडे फिरला, सगळं रोजच्यासारखं. मग कुमार कामावर गेला. रत्नाने बेडरूमच्या कोपऱ्यात स्टुलावर लॅपटॉप ठेवला, हेडफोन कानाला लावले, आणि कामाचं पान उघडायच्या जागी एक पांढरी चौकट वर आली. पासवर्ड टाका. तिने टाकला. चुकीचा आहे. तिने एकेक अक्षर बघत सावकाश पुन्हा टाकला. चुकीचा आहे. तिने कुमारला फोन लावला तर तो हसला. "अगं हो, बदललाय मी. आई म्हणते तू दिवसभर त्याच्यातच डोकं घालून असतेस. लागेल तेव्हा माग ना, देतो की मी." आवाजात खोट नव्हती. प्रेमच होतं म्हणा, प्रेम त्याला म्हणत असतील तर. फोन ठेवल्यावर तिला राग यायला हवा होता. आला नाही, झोप आली. अंगावर ओलं घोंगडं टाकल्यासारखी जड झोप. होती तिथेच ती पलंगावर आडवी झाली. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, लिफ्टमधली बाई दार बंद करा म्हणून विनवत होती, ओल्या फरशीचा फिनेलचा वास येत होता, आणि रत्ना त्या सगळ्याच्या खाली खाली जात माहेरी, हिरडोशीच्या वरच्या माळावर पोचली होती. तिथे ती वारा मागत होती. समोर कुणीतरी उभं होतं, चेहरा नव्हता, नुसता इस्त्रीचा सदरा, आणि तो सदरा म्हणत होता, घे ना, लागेल तेवढा घे, आणि मूठ उघडत नव्हता.

तिचं काम ऐकून लिहायचं होतं. एक कंपनी गावोगावच्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून आणायची, कुणाचं दुखणं, कुणाची शेती, कुणाची नुसतीच बडबड, आणि रत्ना ते शब्दाला शब्द लावून टाइप करायची. कुणी तिला शिकवलं नव्हतं. कुमारच्या ऑफिसने मोडीत काढलेला हा लॅपटॉप तो भंगारात द्यायला निघाला होता. तिने तो ठेवून घेतला आणि एकेका बोटाने टाइप करत शिकली. मग हळूहळू त्या आवाजांनी तिचं घर भरलं. भाजी चिरताना कुठल्या तरी अनोळखी बाईचा खोकला तिच्या कानात असायचा, कुणा म्हाताऱ्याचं "आता कसं सांगू बया" दिवसभर जिभेवर घोळायचं. ही माणसं तिच्याशी बोलत नव्हती, पण तिच्याकडून चहाही मागत नव्हती. त्यांच्या श्वासाची जागासुद्धा तिला पाठ होती. कुमारला वाटायचं ती मशीनमध्ये डोकं घालून बसते. ती माणसांत बसत होती. त्या फ्लॅटमध्ये तेवढीच माणसं होती.

उठल्यावर तिने लॅपटॉप बॅगेत घातला, कपडे घातले, आणि आईकडे जाऊन येते म्हणून सासूला सांगितलं. सासू "कुमारला विचारलंस का" म्हणेपर्यंत ती जिन्यात होती. भोरपर्यंतची एसटी, मग भोरच्या स्टँडवर हिरडोशीच्या गाडीची वाट बघत बसणं, मग खिडकीशी डोकं टेकून झोप आणि जाग यांच्यामधल्या कुठल्यातरी पातळ जागेत हेलकावे खाणं. बाहेर धरणाचं पाणी सोबत चालत होतं. पाण्याखाली कुणाकुणाची भाताची खाचरं होती, आणि तिला उगाच वाटत होतं की ती अजून कुणीतरी लावत असेल, खाली, वाकून, आवाज न करता. गाडीतून उतरून वाडीपर्यंत चढायचं होतं. तेरडा फुलून उतार गुलाबी झाला होता, धुकं बांधाबांधावर बसलं होतं, आणि आई, चंद्राबाई, दारात शेळ्यांचा पाला तोडत होती. तिने आधी लेकीच्या तोंडाकडे बघितलं नाही, बॅगेकडे बघितलं. "बॅग मोठी हाय," ती म्हणाली. वाडीत माहेरी आलेल्या लेकीचं सगळं सुखदुःख बॅगेवरून कळतं. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या आईच्या दारात यायला कारण लागतं. जत्रा, बाळंतपण, नाहीतर कुणाचं मरण. आणि कारण नसेल तर लोक बनवून देतात, अगदी फुकट, घरपोच. ज्या दारात चालायला शिकली त्याच दारात बाई पाहुणी म्हणून उभी असते, आणि हे जगाला इतकं सरळ वाटतं की कुणाला त्याची लाजही वाटत नाही.

आईने कारण विचारलं नाही. तिने ताटात भाकरी वाढली आणि वर दूध ओतलं. विचारलं ते धाकट्या भावाने, गेनूने, तेही संध्याकाळी, शेळ्या कोंडून झाल्यावर, तिच्याकडे पाठ करून दोरी वळता वळता. गेनूची सोयरीक वेळवंडीकडच्या घरात जुळत आली होती. त्या लोकांचं येणंजाणं सुरू होतं. नवऱ्याला सोडून आलेली बहीण घरात आहे असं त्यांच्या कानावर गेलं तर काय होईल हे तो बोलला नाही, दोरीला जास्त पीळ घातला. "आक्का, तू ऱ्हा. तुजंच घर हाय. पन कुनी इचारलं तर म्या काय सांगू, तेवढं तू मला सांग." रत्नाच्या तोंडून आपोआप निघालं, "सांग, आक्काची नोकरी हितं हाय." गेनू वळून बघायला लागला. "हितं?" "हितं." त्याने दोरी खाली ठेवली आणि म्हणाला, नोकरी असली तर मग काय, नोकरी म्हटल्यावर कुणी बोलत नाही, शहरातली लोकं पण म्हणतात की बाईची नोकरी आहे. एवढ्यावर सगळं येऊन थांबलं. ती सकाळी इथे बसून काम करताना दिसली तर तिला राहता येत होतं. नाही दिसली तर ती पाहुणी होती, आणि पाहुण्याला न्यायला माणूस येतो. कुमारचा फोन आलाच होता. रविवारी येतो म्हणाला, आरामात, आईलाही भेटेन. कंपनीतल्या बाईचाही निरोप आला होता, सोमवारच्या नव्या कामाआधी जोडली गेली नाहीस तर तुझ्या फायली दुसऱ्या मुलीला देऊ.

आणि लॅपटॉपला इथे काही दिसत नव्हतं. मोबाईलची रेंज वाडीत बोलण्यापुरती, निरोपापुरतीच यायची. ग्रामपंचायतीने खाली शाळेच्या छपरावर वाडीकडे तोंड करून एक पांढरा डबा बसवला होता, त्यातून इंटरनेट यायचं. गेनूच्या फोनवर त्या डब्याचं नाव ठळक उमटायचं. पण गेनू फोन घेऊन दिवसभर शेळ्यांमागे रानात. रत्नाचा फोन आणि लॅपटॉप दोघंही म्हातारे, त्यांना डबा दिसायचाच नाही. हवेत होतं, घरात येत होतं, भिंतीतून जात होतं, आणि हे दोघं आंधळ्यासारखे बसून होते. ती भोरला गेली. तिथे मोबाईल दुरुस्त करणाऱ्या धनाजीने मशीन उलटं करून बघितलं आणि सांगितलं की आतलं वायफायचं कार्ड जुन्या काळातलं आहे, जुन्या लहरी तेवढ्या ऐकतं. हा डबा नव्या लहरींवर बोलतो. आधी त्याने बाहेरून खोचायची वायफायची काडी दिली, ती घरी आणल्यावर तापायची आणि सारखा डब्याचा हात सोडायची. मग त्यानेच पुण्याहून नवं कार्ड मागवलं. काडेपेटीच्या निम्म्याएवढं, हिरवं, एका कडेला सोनेरी दात. तो म्हणाला, दोन बारक्या तारा आहेत, काळी आणि पांढरी, त्या जुन्यावरून काढून नव्यावर दाबायच्या, एक स्क्रू, झालं. हात लावायच्या आधी लोखंडाला शिव, अंगातली वीज उतरते. एवढं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. परतीच्या एसटीत रत्नाने ते कार्ड रुमालात गुंडाळून ब्लाउजमध्ये ठेवलं होतं आणि सबंध वाट तिला वाटत होतं की ते कोमट आहे, श्वास घेतंय.

शनिवारी सकाळी तिने पाट मांडला, विळीच्या पात्याला हात लावला आणि लॅपटॉप पालथा घातला. पोटावरचं झाकण निघालं. आत धूळ होती, नऱ्ह्याची, राखाडी, केसांच्या गुंतवळासारखी, आणि ती बघताना तिला उगाच शरम वाटली, आपल्याच अंगावरचं काहीतरी उघडं पडल्यासारखी. जुनं कार्ड काढताना स्क्रू सुटल्यावर ते आपोआप तिरपं होऊन वर उठलं. ती स्क्रू डबीत टाकेपर्यंत आई करंडा घेऊन आली होती. नवी वस्तू घरात आली की आई हळदकुंकू लावल्याशिवाय तिला वापरू देत नाही. कुकर, सोलरचा दिवा, गेनूचा फोन, सगळ्यांच्या कपाळाला तिचं बोट लागलेलं आहे. या हिरव्या तुकड्याचं कपाळ कुठलं ते तिला कळलं नसेल. जिथे सोन्यासारखं चमकत होतं तिथे तिने बोट टेकवलं. रत्नाने बघितलं तेव्हा सोनेरी दातांवर लाल भुकटी बसली होती. पदराने पुसलं, कार्ड खाचेत बसवलं, काळी तार, पांढरी तार, टिच टिच असा बारीक आवाज आला. बटण दाबलं. पडदा काळाच राहिला आणि त्यावर इंग्रजी पांढरी ओळ उमटली. पहिला शब्द चूक असा होता, तेवढाच तिने वाचला आणि झटकन बंद केलं. पुन्हा सगळं उघडलं, खोडरबरने दात घासले, फुंकरलं, बसवलं. तीच ओळ. आई दारात उभी राहून बघत होती. "कुकवानं झालं न्हवं," ती हळूच म्हणाली, आणि रत्नाने मान वर केली नाही. मान वर न करणं म्हणजे हो म्हणणं, हे दोघींनाही माहीत होतं. आई करंडा आत ठेवून शेळ्यांच्या गोठ्यात गेली. न्याहारीला आली नाही. गोठ्यातून तिचं शेळ्यांशी बोलणंही ऐकू येत नव्हतं, आणि जन्मात पहिल्यांदा त्या घरात इतकं शांत झालं होतं की चुलीतलं लाकूड बसल्याचा आवाज आला.

त्या शांततेत रत्नाने मशीन पुन्हा चालू केलं आणि ओळ शेवटपर्यंत वाचली. कामावर जशी एकेक श्वास ऐकत लिहायची तशी वाचली, मनातल्या मनात मराठी करत. अनधिकृत नेटवर्क कार्ड बसवलेले आहे. मशीन बंद करा आणि ते काढून टाका. तिने दोनदा वाचलं. म्हणजे कुंकवाचा काही संबंधच नव्हता. मशीनला कार्ड दिसलं होतं. नीट दिसलं होतं, ओळखलं होतं, म्हणून तर ते नको म्हणत होतं. गेनू त्या दिवशी वाडीजवळच चारत होता. त्याचा फोन मागून घेऊन ती दगडावर बसली आणि शोधत राहिली. दूरदेशीच्या कुणाकुणाचं हेच रडगाणं होतं. बनवणाऱ्यांनी मशीनच्या पोटात ठरवूनच ठेवलं होतं की कुठली कार्डं चालतील. बाकीची कितीही चांगली असोत, दारातच अडवायची. काम करता येतं का, हे विचारायचंच नाही. तुझं नाव आमच्यात आहे का, एवढंच. तिला हसू आलं आणि मग राग आला, तो जुना, नऱ्ह्यात यायचा राहिलेला. च्यायला, इथेपण. कुणी ठरवलं हे? कुठल्या थंड खोलीत बसून कुण्या भाड्याने ठरवलं की कुणाला आत घ्यायचं, आणि पैसे मोजून मशीन घेतलेल्या माणसाला ते सांगायचीही तसदी घेतली नाही? मग एका माणसाचं लिहिणं तिला सापडलं. मशीन ही चौकशी फक्त बंद असलेलं चालू होताना करतं. नुसतं झोपलेलं जागं होताना करत नाही. झोपलेलं असताना उघडा, आत सरकवा, जागं करा. खाली त्याने लिहिलं होतं, आत वीज खेळत असते, हात हलला तर बोर्ड जळेल, जबाबदारी तुमची. जळलं तर हे म्हातारं मशीनही जाणार. मग रविवारी बॅग भरायची, गाडीत मागच्या सीटवर बसायचं, आणि सोमवारी सकाळी कुमारसमोर उभं राहून मागायचं.

ती गोठ्यात गेली. आई बादलीवर बसली होती. "आये, कुकवाचं काय न्हाई," रत्ना म्हणाली. "त्ये म्हनतंय, ह्ये आपल्यातलं न्हाई. काडून टाका." आईने तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावरचं ओझं आधी उतरलं, मग त्या जागी चिडका तिरकसपणा आला. "असं म्हनतंय व्हय. मंग शेळीवानीच हाय की." आणि रत्नाला शेळी आठवली. आठवली म्हणजे वासासकट समोर आली. ती लहान होती तेव्हा काजळी नावाची शेळी होती आणि दुसरीचं आई मेलेलं करडू होतं. काजळी त्याला हुंगायची आणि शिंगाने उडवून द्यायची. आईने तिच्या दुधाने करडू माखलं, मीठ चोळलं, तरी काजळी ऐकेना, वास घेऊन तिला कळायचं. मग आईने तिच्याशी वाद घालणं सोडून दिलं. दुपार व्हायची वाट बघितली. दुपारी शेळ्या रवंथ करत बसतात, करता करता त्यांचे डोळे मिटतात, जबडा थांबतो, आणि क्षणभर त्या कुठेच नसतात. काजळी उभ्या उभ्याच पेंगत होती. आई गुडघ्यावर सरकत गेली, एका हाताने करडाचं तोंड दाबून धरलेलं, ते तिच्या पोटाखाली नेऊन तोंडात थान दिलं आणि हात काढून घेतला. गोठ्यात कुणी हललं नाही. माशांचा आवाज, आणि मग चुळुक चुळुक असा पिण्याचा आवाज. काजळीने डोळे उघडले तेव्हा करडू पीत होतं आणि पान्हा सुटलेला होता. मागाहून ती हुंगायला वळली, पण दूध निघत असताना शेळीचं डोकं वेगळं असतं. "जागंपनी इचारलं आस्तं तर न्हाईच म्हनली आस्ती," आई आता सांगत होती. "म्या इचारलंच न्हाई." रत्ना म्हणाली, जळंल बरं का आये सगळं. आई उठली, पदर खोचला. "करडू बी शिंगानं मेलं आस्तं."

दुपार होईपर्यंत त्या थांबल्या. खरं तर यंत्राला दुपारचं काही नव्हतं, पण आईला तसंच पाहिजे होतं, आणि रत्नालाही. धुकं उतारावरून खाली सरकलं होतं, ऊन होतं की नव्हतं ते सांगता आलं नसतं असा पांढरा उजेड घरात भरला होता. कार्ड काढून ठेवून तिने मशीन चालू केलं. कार्ड नसल्यावर ते काही विचारत नव्हतं, मुकाट्याने जागं झालं. मग तिने झाकण मिटलं. आतला पंखा घरघरला, सावकाश झाला, थांबला. कडेचा बारका दिवा उघडमीट करायला लागला, अगदी झोपलेल्या माणसाच्या छातीच्या लयीत. तिने विळीला हात लावला. लॅपटॉप पालथा करताना तिला तो जड वाटला, झोपलेलं मूल जड होतं तसा. आई शेजारी बसली होती आणि तिने श्वास रोखला होता. रत्नाने कार्ड चिमटीत धरून तिरपं खाचेत नेलं. त्या क्षणी तिला काही ऐकू येत नव्हतं, आवाज तर नव्हतेच, पण ज्यांना ती रोज ऐकायची ते सगळे तिथे बसलेत असं वाटत होतं, खोकणारी बाई, आता कसं सांगू म्हणणारा म्हातारा, सगळे तोंडावर हात ठेवून. कार्ड आत गेलं. दाबलं. स्क्रू अर्ध्या अर्ध्या वेढ्याने फिरवला. काळी तार. पांढरी तार. सुलटं केलं, झाकण उघडलं. पडदा उजळला. ओळ आली नाही. गेनूच्या फोनवरून आधी घेऊन ठेवलेला ड्रायव्हर, मशीनला नव्या कार्डाशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम, तिने चालवला, एक निळी पट्टी रांगत राहिली, रांगत राहिली, आणि मग कोपऱ्यात शाळेवरच्या डब्याचं नाव उमटलं. "लागलं?" आईने विचारलं. लागलं. "पितंय?" पितंय, रत्ना म्हणाली, आणि का कुणास ठाऊक, दोघी कुजबुजतच बोलत होत्या.

आता ते बंद करायचं नव्हतं, कधीच. झोपवायचं फक्त. वीज गेली तर बॅटरी संपायच्या आत झोपवायचं. बंद झालं की पुन्हा चौकशी, पुन्हा काढून टाका. हे रत्नाने आईला समजावलं आणि आईने मान डोलावली, तिला यात नवीन काही वाटलं नाही, पाजलेलं करडूही काही दिवस रोज चोरूनच लावावं लागतं. त्या संध्याकाळी आणि रविवारी सकाळी रत्नाने काम केलं. दारात उजेडाला तोंड करून, मुद्दाम. वेल्ह्याकडची कुणी बाई कानात भात झोडण्याबद्दल बोलत होती, आणि तिच्यामागे कोंबडा आरवत होता, आणि रत्नाच्या दारातला कोंबडा आरवत होता, आणि कुठला कुठला ते कळेनासं झालं तेव्हा तिने हेडफोन काढून थोडा वेळ नुसतं ऐकलं. पाणी भरायला निघालेल्या दोघी बायका रस्त्यात थांबून बघून गेल्या. गेनूने त्यांना काय सांगितलं ते तिला ऐकू आलं नाही. तो हातवारे मोठे करत होता.

कुमार दुपारी आला. गाडी खाली लावून चढून आला होता, बुटांना चिखल लागला होता आणि हातात भोरची जिलबी होती. तो चंद्राबाईंच्या पाया पडला, गेनूला सोयरिकीबद्दल विचारलं, मुलगी काय शिकली वगैरे, सगळं नीट, सगळं जिथल्या तिथे. त्याच्याबद्दल कुणाला सांगायचं तर काय सांगणार? माणूस वाईट नाही, हेच तर वाईट होतं. वाईट असता तर लोकांना कळलं असतं. रत्ना चहा गाळायला आत गेली. बाहेर तो पाटावरच्या लॅपटॉपशी बसला होता, पंख्याचा आवाज ऐकून वाकला, हात लावून बघितला. ती कपबशा घेऊन बाहेर आली तेव्हा त्याचं बोट बटणावर होतं. दाबून धरलं होतं, घट्ट, पडदा विझेपर्यंत. मग त्याने झाकण मिटलं, चार्जरची वायर काढून तिची सुबक गुंडाळी केली आणि ती वर ठेवली. "किती तापलंय हे. जुनं आहे अगं, असं दिवसदिवस चालू ठेवू नये," तो म्हणाला. "चल, आवर. मार्गासनीला काकांकडे जेवायला सांगितलंय, मग घरी." त्याने जिलबीचा कागद सोडला. त्याला काही माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्याने हेच केलं असतं, इतक्याच मायेने.

गेनू उंबऱ्यात उभा होता, त्याने तिच्याकडे बघितलं. आईने कपबशी हातातून घेतली म्हणून ती सांडली नाही. रत्ना पाटाशी बसली. वायरची गुंडाळी सोडवून बाजूला केली. विळी ओढली, पात्याला हात लावला, लॅपटॉप पालथा केला. डबीतला बारका स्क्रूड्रायव्हर काढला. पांढरी तार. काळी तार. कार्ड आपोआप तिरपं होऊन वर उठलं, तिने ते काढून पदरावर ठेवलं, मशीन सुलटं करून चालू केलं. "काय करतेस?" कुमारने विचारलं. ती म्हणाली, "बसा. याला वेळ लागतो. चहा घ्या." "अगं पण आपल्याला निघायचंय." पडदा उजळला. ती तो पूर्ण जागा होईपर्यंत थांबली, घाई केली नाही. कुमार हसला, गेनूकडे वळला, पुरुष पुरुषाकडे वळतो तसा. "काय खूळ आहे रे हे तुझ्या बहिणीचं?" गेनूने दोरीने बांधलेला हात सोडवावा तसा खांदा हलवला. त्याची मान खाली होती आणि कान लाल झाले होते. "दाजी," तो म्हणाला, "आक्काची नोकरी हाय हितं. उद्या सोमवार हाय."

रत्नाने झाकण मिटलं. मशीन पालथं केलं. कुमारचा आवाज चढत होता, म्हणजे त्याचा चढतो तेवढाच, समजूतदार. नोकरी काय, घरूनही होतेच, कोण नको म्हणतंय, लोक काय म्हणतील याचा विचार, आईची तब्येत, गेनूच्या लग्नाचाही विचार करायला नको का. तो बोलत होता आणि आत पंखा घरघरत होता, सावकाश होत होता. रत्ना पालथ्या मशीनवर तळहात ठेवून तो थांबायची वाट बघत होती. पंखा थांबला. पाटाच्या लाकडावर बारीक हिरवा उजेड आला, गेला, आला. तेव्हा चंद्राबाई पुढे झाली, जावयासमोर चहाची बशी सरकवली आणि तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला जावयबापू," ती म्हणाली. "झोपलंय त्ये."

रत्नाने पदरावरचं कार्ड उचललं.